पदराआडचे पाढे

मी बहिरा झालो तेव्हा मला ते कळलंच नाही. मला वाटलं, लोकच हळू बोलायला लागलेत. गोवरातून नुकता उठलो होतो, अंगाचा कोंडा पडत होता, दोन्ही कान वाहत होते आणि घरातले कुजबुजत होते. घरात आजारी पोर असलं की मोठी माणसं आवाज खाली आणतात एवढं मला ठाऊक होतं, म्हणून मी वाट पाहिली. मग अंगणात जाऊन बसलो, तर रस्त्यानं जाणारेही कुजबुजत होते. इंजिनं दबकत चालत होती. शेजारचा कोंबडा मान ताणून चोच उघडायचा आणि तशीच मिटायचा. मला वाटलं, यालाही गोवर झालाय. आज हसू येतं. पण त्या वयात काही बिघडलं की जगाचं बिघडलंय असंच वाटतं. पहिलीतून दुसरीत गेलेल्या पोराची अक्कल ती केवढी असणार!

आमचं घर लोणावळ्याला, रेल्वेच्या यार्डामागे होतं. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे न्हाणी आणि एक शेवग्याचं झाड. अब्बा रेल्वेत होते. त्यांचं काम चाकं वाजवून बघायचं. घाट उतरण्याआधी गाडी लोणावळ्याला थांबायची, तेवढ्यात अब्बा लांब दांड्याचा हातोडा घेऊन गाडीच्या कडेनं चालत जायचे आणि एकेका चाकावर ठोका द्यायचे. धड चाक घंटेसारखं वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. डोळ्यांना न दिसणारी बारीक चीर अब्बांच्या कानाला सापडायची, आणि सापडली की तो डबा तिथेच गाडीपासून तोडून बाजूला काढायचे. घाटात चाक फुटलं असतं तर काय झालं असतं ते कुणाला सांगायला नको, म्हणून यार्डात अब्बांच्या कानाला मान होता. ती खोड त्यांनी घरीही आणली होती. बाजारातून आणलेल्या मडक्याला त्यांनी टिचकी मारून 'चालंल' म्हटल्याशिवाय ते चुलीवर चढत नसे. कलिंगड, पाटा, दाराची फळी, सगळ्याला टिचकी. माझ्या टाळक्यालाही ती अधूनमधून मिळायची आणि अब्बा कान लावून ऐकल्यासारखं करायचे, 'आत काय हाय का न्हाई बघतो' म्हणायचे.

आवाज मला पुष्कळ आठवतात, कारण पुढे त्यांत भर पडली नाही. घाट चढून आलेलं मागचं इंजिन सुटं होताना टाकायचं तो मोठा सुस्कारा. दाट धुक्यात गाडीला इशारा म्हणून रुळावर फटाके लावत, चाक त्यावरून गेलं की व्हायचा तो धडाका. भात कांडताना मुसळाचा दम धरून पडणारा ठोका. सरपणाची मोळी घेऊन रानातून उतरलेल्या कातकरणीची हाळी, जिच्यातला एकही शब्द कधी लागत नसे. आणि फुपीचा आवाज, थोडासा घोगरा, बोलता बोलता मधेच खोकल्यासारखा हसणारा. हे सगळं माझ्याकडे जसंच्या तसं आहे. ज्यांना ऐकू येतं त्यांचे जुने आवाज नव्या आवाजांखाली दबून जात असतील, माझे तसे दबले नाहीत.

फुपी म्हणजे अब्बांची धाकटी बहीण, जैनब. माझी आई मला आठवत नाही इतक्या लवकर गेली. त्याच सुमारास फुपीचा नवराही गेला. बेडशाच्या लेण्यांखाली तिचं सासर होतं, तिथून अब्बांनी तिला आणलं आणि घर तिच्या हाती दिलं. तांदळाची भाकरी ती हातावर थापायची. कुळथाचं पिठलं, भाजलेल्या सुकटीवर लसूण ठेचून, पावसाळ्यात शेवग्याचा पाला. याच्यापलीकडे आमच्या घरात फारसं शिजत नसे, पण भुकेलेलं कुणी उठलं नाही. सासरची एक रीत तिनं इथेही सोडली नव्हती. मोठ्या पुरुषमाणसासमोर बोलायचं झालं की ती डोक्यावरचा पदर पुढे ओढायची आणि त्याचं टोक दातांत धरून बोलायची. अब्बा सख्खे भाऊ, तरी त्यांच्यासमोरही. तिकडे बेडशाकडे सगळ्याच बायका तशा बोलत, मोठ्यांना तोंड दाखवून बोलणं म्हणजे उर्मटपणा. अब्बा ओट्यावर असले की फुपी उंबऱ्याच्या आत उभी राहून पदराआडून बोलायची. अब्बा कामावर गेले की पदर खांद्यावर पडायचा आणि मग दिवसभर तिचं तोंड आणि माझे कान, असा आमचा संसार चालायचा.

अब्बांच्या मनात मला तारबाबू करायचं होतं. स्टेशनात टेबलाशी बसून तारेची कटकट ऐकायची आणि कागदावर अक्षरं उतरवायची, ऊन नाही, पाऊस नाही, हाताला ग्रीस नाही. अब्बांना लिहिता येत नव्हतं. पण ऐकून पोट भरायचं हे आमच्या घराण्यातच आहे, फक्त अक्षरं जोडली की झालं, असा त्यांचा हिशोब होता. फुपी माहेरी असताना गावच्या शाळेत थोडं बसली होती. तिला अक्षरओळख होती आणि तिसापर्यंत पाढे तिच्या तोंडात होते. म्हणून माझा अभ्यास तिच्याकडे. ती तांदूळ निवडायला बसली की मी समोर मांडी घालायचो. तिच्या पुढ्यातल्या सुपात ती बोटानं अक्षर काढायची, तांदूळ सारून मी ते पुन्हा काढायचो. मग पाढे. ती अर्धं विचारायची, अर्धं मी पुरं करायचो. 'सात चोक?' 'अठ्ठावीस.' 'सात पंचे?' 'पस्तीस.' सातानं मला फार छळलं. सात साते आलं की माझी गाडी थांबायची आणि फुपी हात न थांबवता पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

गोवरानंतर शाळा पुन्हा सुरू झाली आणि माझे दिवस फिरले. नवे मास्तर आले होते. माणूस शिस्तीचा, कपड्यांनी नीटनेटका, आणि मिशा अशा दाट की वरचा ओठ कधी कुणी पाहिला नसेल. आज मला कळतं की तेव्हा मी आपोआप माणसांच्या तोंडावरून बोलणं वाचायला शिकलो होतो. मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मी शिकतोय हे मलाही माहीत नव्हतं. मुलांचं बोलणं कळायचं. संध्याकाळी सगळा वर्ग उभा राहून परवचा म्हणायचा तेव्हा मी पुढच्या मुलाच्या गालाकडे आणि हनुवटीकडे बघत बरोबर चालायचो, एकही चूक नाही. पण मास्तर बोलायचे तेव्हा मिशा हलायच्या, एवढंच. ते काय विचारतात ते कळावं म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघायचो. त्यांना वाटायचं, पोरगं उत्तर देत नाही आणि वर डोळ्याला डोळा भिडवतंय. पाठमोरं उभं असताना हाक मारली तर वळत नाही. मग त्यांनी अब्बांना बोलावून विचारलं, 'याचे कान बघितलेत का कधी?'

कान बघायचं म्हटल्यावर अब्बांना एकच रीत माहीत. सुट्टीच्या दिवशी मला ते यार्डात घेऊन गेले. एका रिकाम्या डब्यापलीकडे मला अनवाणी रुळावर उभं केलं, पाठ फिरवायला लावली आणि समोर येऊन सांगितलं, 'मी ठोका मारला की वळायचं. आधी न्हाई, मागनं न्हाई.' मला वाटलं, खेळ आहे. मी उभा राहिलो. अब्बांनी मागे जाऊन डब्याच्या चाकावर हातोडा मारला. तळपायात मुंग्या आल्या आणि मी वळलो. त्यांनी लांब जाऊन हलक्या हातानं मारला, तरी रुळातून तो माझ्या पायात आला, मी वळलो. जितक्या वेळा मारला तितक्या वेळा. अब्बांचा चेहरा उजळला. असा खूश झालेला मी त्यांना क्वचितच पाहिला होता, म्हणून मी आणखी कान देऊन, म्हणजे पाय देऊन, उभा राहिलो. मग त्यांनी मला खांद्यावर घेतलं, बाजारात नेलं आणि शेंगदाण्याची गुडदाणी घेऊन दिली. तिथून तसेच ते मास्तरांकडे गेले. 'कान खणखणीत हाय,' ते म्हणाले. 'न ऐकल्यागत करतोय. तुमी मारा मास्तर, मी इचारायला यायचो न्हाई.' हे त्यांनीच मला फार पुढे सांगितलं, आणि सांगताना बिडी विझवून माझ्याकडे तोंड केलं होतं. त्या दिवशी मात्र मी खांद्यावर बसून गुडदाणी चोखत होतो.

त्यानंतर जो मार बसला तो लिहायचा म्हटला तरी हात आखडतो. छडीचं काही नाही, छडी सगळ्यांनाच होती. मास्तरांची सवय कान पिळायची. माझा कान पिळला की बोटाला पू लागायचा, मग ते बोट माझ्याच सदऱ्याला पुसून मला दाराशी ओणवं उभं करायचे. त्यांना वाईट म्हणावं तर तेही जमत नाही. बापानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की पोराला ऐकू येतं. मार कशाबद्दल बसतोय हे मला कळायचं नाही. सांगितलेलं सगळं मी करत होतो, कारण मला कळलेलं सगळं मी करत होतो. घरी येऊन मी ओट्याच्या कोपऱ्यात बसायचो. फुपी कोमट तेलात लसूण कढवून कानात घालायची, वर कापसाचा बोळा ठेवायची आणि गुडघ्यावर माझं डोकं धरून बसायची. तिच्या पोटात काहीतरी गुरगुरल्यासारखं माझ्या गालाला लागायचं. ती गाणं म्हणत असणार.

संध्याकाळी अब्बा ओट्यावर टेकले, बिडी पेटली, की माझी परीक्षा. दिवसभर शिकलेलं त्यांच्यासमोर म्हणून दाखवायचं. अब्बांना पाढे येत नसत, म्हणून विचारायचं काम फुपीचं. उंबऱ्याच्या आत ती उभी, पदर दातांत. दुपारी हीच बाई, हेच पाढे, मी घडाघडा म्हटलेले असायचे. आता मी तिच्या पदराकडे बघत उभा. काही येत नव्हतं. ती विचारते आहे हेसुद्धा कळत नव्हतं. मला वाटायचं, ती अजून सुरुवात करायची आहे. मग अब्बांचा हात यायचा. फुपी कळवळून सांगायची की दुपारी सगळं आलं होतं, अब्बा म्हणायचे, तू त्याला पाठीशी घालतेस. असं कितीतरी संध्याकाळी झालं. पोरगं बापाला घाबरतं म्हणून गप्प बसतं, अशी फुपीनं आपली समजूत करून घेतली होती. वार्षिक परीक्षा जवळ येत होती आणि मास्तरांनी निरोप पाठवला होता की वागणं सुधारलं नाही तर या मुलाला पाठवायचं कारण नाही.

मग मिरच्या कांडायचा दिवस आला. उन्हात कडकडीत वाळवलेल्या मिरच्या उखळात पडल्या की घरभर खकाणा उठतो, म्हणून फुपीनं नाकातोंडावरून पदर घेऊन मागे घट्ट गाठ मारली होती. मी समोर लांब बसलो होतो, डोळे चोळत. मुसळ मारता मारता तिनं नेहमीसारखा पाढा विचारला असणार. मी गप्प. तिनं पुन्हा विचारलं असणार. मी उखळाकडे बघत बसलो. ती थांबली. तिनं गाठ सैल केली, पदर हनुवटीखाली ओढला आणि विचारलं, 'सात सक?' मी लगेच म्हणालो, 'बेचाळीस.' तिनं पदर पुन्हा वर घेतला. मी तिच्याकडे बघत राहिलो. पदर खाली, 'सात आठे?' 'छप्पन्न.' पदर वर. मला वाटलं, नवीन खेळ काढलाय, आणि मी हसलो. फुपीनं मुसळ भिंतीला टेकवलं आणि खाली बसली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मिरचीचंच म्हणून मी तिला पाण्याचा तांब्या आणून दिला.

त्या संध्याकाळी घरात जे झालं ते मी उंबऱ्यावर बसून पाहिलं. अब्बांची बिडी तोंडात, फुपीचा पदर दातांत, म्हणजे मला दोन्हीकडून भिंतच. पण हात दिसत होते. अब्बा हातोडा मारल्याची खूण करत होते, पुन्हा पुन्हा. पुढे त्यांनी सांगितलं की फुपी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा उलट बोलली. 'भाऊ, तुमचा हातोडा चाकाला इचारा. मानसाचं बोलनं तेला काय कळतंय?' अब्बा म्हणाले, 'धा डबे पलीकडची चीर कळती मला. माझ्या पोराचा कान कळणार न्हाई व्हय?' तेव्हा ती म्हणाली, 'मग उद्या शाळंत चला. माझं खोटं निगालं तर मी बेडशाला जाते परत.'

शाळेत ती आली तेव्हा मुलं माना वर करून बघत होती, कारण बाईमाणूस शाळेच्या पायरीवर कधी चढत नसे. ती दाराच्या आत भिंतीला चिकटून उभी राहिली, पदर दातांत. मास्तर उभे राहिले. त्यांचं त्या दिवशीचं बोलणं मला पुढे अब्बांकडून कळलं, तेव्हा नुसत्या मिशा दिसल्या. 'पाढे येत असतील, मी नाही म्हणत नाही,' ते म्हणाले. 'पण विचारलं की हा नुसता तोंडाकडे बघत बसतो. हा उद्धटपणा आहे.' फुपीनं पदराआडून काहीतरी सांगितलं, मास्तरांनी मान हलवली, अब्बा जमिनीकडे बघत राहिले. मग फुपी पुढे आली. मला तिनं वर्गाच्या मधोमध उभं केलं, स्वतः माझ्यासमोर उभी राहिली, आणि दातांतला पदर सोडला. मास्तर, अब्बा, एवढी मुलं, सगळ्यांसमोर तिचं तोंड उघडं पडलं. तिनं विचारलं, 'सात त्रिक?' मी सांगितलं. 'बारा सक?' 'बाहत्तर.' 'तेरा पंचे?' 'पासष्ट.' ती विचारत गेली, मी सांगत गेलो. मुलं खो खो हसायला लागली आणि मला कळेना की एवढं बरोबर येत असताना हसतात का. हळूहळू हसू थांबलं. मास्तरांनी चष्मा काढला. अब्बांनी भिंतीला हात टेकला.

फुपी एकही शब्द आवाजानं बोलली नव्हती. नुसते ओठ हलवत होती. वर्गात एका माणसाचाच आवाज होता, आणि तो माझा.

अब्बांची ती नजर मला अजून दिसते. बद्द वाजलेल्या चाकाकडेही ते असे बघत नसत. मास्तर माझ्याजवळ आले, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. मग ते टेबलाशी गेले. 'याला इथं ठेवून मी काय करू?' ते म्हणाले. 'उनाड असता तर सुधारला असता. बहिऱ्या मुलाला शिकवायची सोय या शाळेत नाही. वरून तपासायला येतात, त्यांना मी काय उत्तर देऊ?' फुपी काकुळतीला आली. पुढच्या बाकावर बसवा, मास्तर. निस्तं तेच्याकडं तोंड करून बोला. मास्तर मान हलवत राहिले. माझं नाव शाळेतून कमी झालं. हट्टी होतो तोवर त्या शाळेत मला जागा होती, ओणवं उभं राहायला का होईना.

परत येताना रेल्वेच्या फाटकाशी फुपी थांबली. अब्बा पुढे निघून गेले होते. ती माझ्यासमोर उकिडवी बसली आणि माझे दोन्ही कान हातांत धरले, कुणी कधी धरले नसतील इतके हळू. 'कासम, तुला ऐकू येत न्हाई,' ती म्हणाली. मी म्हणालो, 'सगळेच हळू बोलतात की.' तिनं मान हलवली. तेवढ्यात फाटकातून गाडी गेली, जमीन हादरली, तिचा पदर वाऱ्यानं उडाला, आणि मी पहिल्यांदा नीट पाहिलं की एवढी मोठी गाडी जाते आहे आणि काही नाही. मी रडायला लागलो. फुपी म्हणत होती, 'मी माती खाल्ली रं. गप बसले असते तर शाळा तरी ऱ्हायली असती.' ती ते पुन्हा पुन्हा म्हणत होती. मला वाटतं, ते तिनं मरेपर्यंत मनातून काढलं नाही. तिची चूक काय होती ते मला आज म्हातारपणीही सापडत नाही, आणि तिला तसं सांगायची अक्कल तेव्हा मला नव्हती.

त्यानंतर अब्बांनी माझ्याशी बोलणं सोडलं. रागानं नव्हे. कामावरून आले की माझ्याकडे पाठ करून बसायचे, बिडी संपली की दुसरी. फुपीनं मात्र पदर दातांत धरणं कायमचं टाकलं. आल्यागेल्यासमोर, अब्बांसमोर, सगळ्यांसमोर उघड्या तोंडानं बोलायला लागली. मी कुठेही असलो तरी मला दिसावं म्हणून. बेडशाहून आलेली तिची नणंद ते बघून तोंड वाकडं करून गेली आणि पुन्हा आली नाही. शिकवणं चालू राहिलं. तिच्याजवळ होतं ते थोड्याच महिन्यांत संपलं. जोडाक्षरांत ती स्वतःच अडखळायची. मग वाण्याच्या पुड्यांचे कागद ती जपून सोडवायची, हातानं सपाट करायची आणि आम्ही दोघं ते वाचायचो, अर्ध्या बातम्या, अर्ध्या जाहिराती, कुठेही सुरू होणाऱ्या आणि कुठेही तुटणाऱ्या. पुढे सारा जन्म मी पुण्याला छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात काढला, तो त्या पुड्यांवर. लोक अजूनही माझ्याशी ओरडून बोलतात. ओरडताना त्यांची तोंडं अशी वेडीवाकडी होतात की कळणारंही कळेनासं होतं. माझी नात तेवढी शहाणी आहे, समोर येऊन बसते, तोंडातला घास गिळते आणि मग बोलते.

शाळा सुटून काही महिने झाले आणि मानमोडीची, त्या जीवघेण्या तापाची, साथ आली. ज्यांनी ती पाहिली त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही पाहिली त्यांना सांगून पटत नाही. आदल्या दिवशी मोळी घेऊन आलेली कातकरीण दुसऱ्या दिवशी नसायची. तिची वाडीच्या वाडी चुलीविना पडली होती. आमच्या रांगेत एकेका घरातून माणसं उचलली जात होती आणि खांदा द्यायला माणूस मिळत नव्हता. फुपीला ताप भरला तेव्हा ती कुळीथ भाजत होती. अंथरुणावर पडली ती उठली नाही. तापानं तिचा घसा धरला आणि आवाज गेला, पार गेला. ती ओठ हलवायची, पण आवाज फुटत नव्हता.

सकाळची उन्हं दारातून आत आली होती. अब्बा तिच्या उशाशी बसून तिच्या तोंडाला कान लावत होते. बारीक चीर ऐकणारा तो कान. त्यांनी श्वास धरला, डोळे मिटले, पुन्हा कान लावला. काही नाही. त्यांनी मान वर केली आणि किती महिन्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. तोंडातली बिडी काढून टाकली. 'काय म्हणती ती?' त्यांनी विचारलं, एकेक शब्द सुटा करून. मी तिच्या पायाशी होतो. तिथून उठून तिच्या समोर बसलो. 'पाणी मागती,' मी म्हणालो. अब्बांनी चमच्यानं पाणी घातलं. 'दार उघडं ऱ्हाऊ द्या म्हणती.' अब्बांनी दाराला धोंडा लावला.

मग त्यांनी तिच्या कानाशी वाकून कलमा म्हटला आणि तिच्या तोंडाकडे न बघता माझ्याकडे बघत राहिले. तिचे ओठ हलले. मी शेवटपर्यंत पाहिलं. 'म्हणाली,' मी सांगितलं. 'सगळा म्हणाली.' अब्बांचे खांदे गदगदायला लागले.

फुपीनं डोळे फिरवून मला शोधलं. ओठ पुन्हा हलले. अब्बांनी माझा हात दाबून विचारलं, 'आता काय?' मी म्हणालो, 'सात साते इचारती.' ते म्हणाले, 'मग सांग की तिला.'

'एकोणपन्नास,' मी म्हणालो. तिथे न अडखळण्याची ही माझी पहिलीच वेळ. तिच्या डोळ्यांच्या कडा किंचित हसल्या. सात आठे. 'छप्पन्न.' सात नवे. तिला मधे दम घ्यावा लागला. 'त्रेसष्ट.' तिनं 'सात' म्हटलं, ते मला दिसलं. पुढचा शब्द येईल म्हणून मी तिच्या ओठांकडे बघत थांबलो. ओठ तसेच किंचित उघडे राहिले. मी थांबलो, थांबलो, आणि मग मोठ्यानं म्हणालो, 'सत्तर.'

अब्बांनी हात लांबवला, तिच्या खांद्यावरचा पदर उचलला आणि तिच्या तोंडावरून ओढला. मी तो खाली ओढला. त्यांनी पुन्हा वर घेतला आणि माझे हात धरून ठेवले.

मी म्हटलेलं तिला ऐकू गेलं का, ते मी अब्बांना विचारलं. त्यांनी तोंड माझ्याकडे केलं आणि धरलेले माझे हात आणखी घट्ट धरले.